‘आणखी काही घेता का?’ हा प्रश्न डॉक्टरांच्या अभ्यासक्रमात कसा आला

होमिओपॅथी, अ‍ॅक्युपंक्चर, वनस्पतींच्या गोळ्या अशा पूरक आणि पर्यायी उपचारांबद्दल डॉक्टरांना शिकवावं का, हा वाद समजून घ्यायचा तर अमेरिकेतल्या 1910 सालापर्यंत मागे जावं लागतं. त्या काळी तिथे होमिओपॅथीची स्वतंत्र महाविद्यालयं होती. अब्राहम फ्लेक्सनर स्वतः डॉक्टर नव्हते, शिक्षक होते. कार्नेगी फाउंडेशनसाठी त्यांनी अमेरिका आणि कॅनडातली 155 वैद्यकीय महाविद्यालयं पाहिली आणि अतिशय कडक अहवाल लिहिला. प्रयोगशाळा नाही, रुग्णालयाची जोड नाही, अशा संस्था त्यांनी उघड्या पाडल्या. होमिओपॅथीसारख्या एखाद्या पंथाच्या मतांवर चालणाऱ्या वैद्यकालाही झोडपलं. पुढच्या काही दशकांत होमिओपॅथीची महाविद्यालयं बंद पडली किंवा त्यांनी आपला अभ्यासक्रम बदलला. वैद्यकीय शिक्षणाचा दर्जा त्यामुळे नक्कीच उंचावला. या उपचारांचा विषय मात्र वर्गातून पार नाहीसा झाला. लोकांच्या घरातून तो कधीच गेला नव्हता.

तो किती टिकून आहे, हे 1993 साली आकड्यांत दिसलं. अमेरिकी डॉक्टर डेव्हिड आयझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये तिथल्या 1,539 प्रौढांना फोनवर प्रश्न विचारले होते. 34 टक्क्यांनी वर्षभरात एखादा तरी अपारंपरिक उपचार घेतला होता. त्यांची व्याख्या सैल होती; मसाज आणि रिलॅक्सेशनही तिच्यात बसत होतं. पण खरा धक्का वेगळाच होता. असे उपचार घेणाऱ्यांपैकी 72 टक्के लोकांनी आपल्या डॉक्टरांना ते सांगितलेलंच नव्हतं. माझ्या मते डॉक्टरांच्या शिक्षणाचा प्रश्न इथून खऱ्या अर्थाने उभा राहिला. उपचार खरे की खोटे हा एक वाद, आणि समोरचा माणूस काय घेतोय हेच डॉक्टरला माहीत नसणं ही त्याहून तातडीची अडचण.

ती किती गंभीर असू शकते, हे सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीने दाखवलं. उदास वाटतं म्हणून लोक तिच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय आणून घेतात. ‘वनस्पतीच तर आहे’ म्हणून केस पेपरवर तिची नोंदही होत नाही. पण या गोळ्यांमुळे यकृतातली औषधं मोडणारी विकरं जोमाने कामाला लागतात आणि दुसऱ्या औषधांची रक्तातली पातळी घसरते. 2000 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात झुरिकमधल्या दोन हृदयप्रत्यारोपण झालेल्या रुग्णांची हकीकत छापून आली. या गोळ्या सुरू केल्यावर त्यांच्या रक्तातलं सायक्लोस्पोरिन, म्हणजे शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिलं जाणारं औषध, कमी झालं आणि शरीर नवं हृदय नाकारू लागलं. त्याच सुमारास एचआयव्हीवरच्या इंडिनाव्हिर या औषधाची पातळीही तिच्यामुळे निम्म्याहून खाली जाते, असं निरोगी स्वयंसेवकांवरच्या अभ्यासात दिसलं. अशा वेळी डॉक्टरने वनस्पतीवर विश्वास ठेवायचा की नाही, हा मुद्दाच उरत नाही. त्याने विचारायलाच हवं.

महाविद्यालयं तोवर हलली होती. 1998 च्या पाहणीत उत्तर देणाऱ्या 117 अमेरिकी वैद्यकीय महाविद्यालयांपैकी 75 ठिकाणी हा विषय कुठल्या ना कुठल्या स्वरूपात शिकवला जात होता, बहुतेक वेळा ऐच्छिक म्हणून. ब्रिटनमध्ये 1986 साली डॉक्टरांच्या संघटनेने या उपचारांना जवळपास झिडकारलं होतं. 1993 च्या तिच्याच अहवालाचा सूर बराच मवाळ होता. 2000 साली ब्रिटिश संसदेच्या हाउस ऑफ लॉर्ड्स या वरिष्ठ सभागृहाच्या समितीने वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला या पद्धतींची तोंडओळख असावी, अशी शिफारस केली. रुग्ण कोणते पर्याय निवडू शकतात याची डॉक्टरला जाण हवी, एवढीच अपेक्षा तिच्यात होती.

मग प्रश्न आला, शिकवणार कोण? 2002 च्या एका अमेरिकी पाहणीत 73 अभ्यासक्रम तपासले गेले. त्यातले सुमारे 78 टक्के हे उपचार स्वतः करणारे किंवा सुचवणारे लोक शिकवत होते. पुराव्याची शास्त्रीय छाननी करण्यावर भर देणारे जेमतेम 18 टक्के होते. ज्याचं पोट त्या पद्धतीवर चालतं, त्याच्याकडून तिची परखड तपासणी व्हावी ही अपेक्षाच अवास्तव आहे. अमेरिकी डॉक्टर वॉलेस सॅम्पसन यांच्यासारख्या टीकाकारांनी तेव्हाच हाच आक्षेप घेतला होता, आणि मला तो रास्त वाटतो. अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया कुठे टोचायच्या, हे प्रत्येक डॉक्टरला यायची गरज नाही. चाचण्यांमध्ये खोट्या सुयांशी तुलना करून काय आढळलं, ते वाचता आलं पाहिजे. रुग्णाला न दुखावता विचारता आलं पाहिजे, आणि धोका असेल तिथे स्पष्ट ‘थांबवा’ म्हणता आलं पाहिजे.

जर्मनीने 2003 पासून निसर्गोपचार पद्धती पुनर्वसन आणि भौतिकोपचारासोबत सक्तीच्या परीक्षेत आणल्या. अमेरिकेत 2005 साली इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या सल्लागार संस्थेनेही वैद्यकीय आणि नर्सिंग शिक्षणात या विषयाची पुरेशी माहिती असावी असं सुचवलं. तरीही जिथे हा विषय ऐच्छिक राहतो, तिथे तो बहुधा आधीपासून त्याकडे ओढलेले विद्यार्थीच घेतात. ज्यांना या उपचारांचं मुळीच कौतुक नाही, त्यांच्याही ओपीडीत सेंट जॉन्स वर्ट घेणारा रुग्ण येतोच, आणि विचारलं नाही तर तोही आपणहून काही सांगत नाही.