फॉरेन्सिक टूल्स टाकणं आणि 'काढून टाकणं': पार्श्वभूमी

मराठीत आपण सॉफ्टवेअर 'टाकतो' आणि नको झालं की 'काढून टाकतो'. डेबियन, उबंटू किंवा काली या लिनक्सच्या प्रकारांवर डिजिटल फॉरेन्सिकची, म्हणजे संगणकातले पुरावे शोधण्याची, टूल्स वापरणाऱ्यांचा खरा घोळ या दुसऱ्या क्रियेत आहे. काढलं म्हणजे किती काढलं? तिथं सॉफ्टवेअर टाकण्या-काढण्याचं काम करणाऱ्या ॲप्टकडे त्यासाठी दोन शब्द आहेत, रिमूव्ह आणि पर्ज. रिमूव्ह प्रोग्राम काढतं पण त्याच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइली ठेवतं, पर्ज त्याही काढतं.

सुरुवातीच्या काळात हा प्रश्नच नव्हता. २००० साली 'द कॉरोनर्स टूलकिट' खुलं झालं, २००१ मध्ये अमेरिकी हवाई दलातल्या तपासनिसांनी लिहिलेलं 'फोरमोस्ट' आलं, पाठोपाठ डिस्क तपासणारं 'स्लूथ किट'. सोर्सची (मूळ कोडची) टार फाइल उलगडायची, त्यातून प्रोग्राम बनवणारं मेक चालवायचं, आणि नंतर काढायची वेळ आली तर फोल्डर उडवून देवाचं नाव घ्यायचं. त्या सवयीचा एक अवशेष आजही नडतो. सोर्समधून टाकलेलं स्लूथ किट 'यूएसआर-लोकल'खाली बसतं आणि पाथमध्ये, म्हणजे कमांड शोधायच्या जागांच्या यादीत, ती जागा आधी येते. त्यामुळे ॲप्टनं पॅकेज काढल्यावरही स्लूथ किटची 'एफएलएस' ही कमांड चालतच राहते. अहवालात आवृत्ती लिहिण्याआधी मोठ्या व्हीचा पर्याय देऊन ती विचारून घ्यावी, ते यासाठी.

रिमूव्ह आणि पर्ज ही जोडी या टूल्सपेक्षा जुनी. ॲप्टच्या खाली प्रत्यक्ष पॅकेज टाकणाऱ्या-काढणाऱ्या, नव्वदच्या दशकातल्या 'डीपीकेजी'मध्ये ती होती, पॅकेजं निवडायच्या 'डीसिलेक्ट'च्या मेन्यूत रिमूव्हला आडवी रेघ आणि पर्जला अंडरस्कोर अशी चिन्हं होती, आणि मार्च १९९९ मध्ये डेबियन २.१ सोबत ॲप्ट आलं तेव्हा तीच विभागणी पुढे गेली. कल्पना साधी होती. 'ईटीसी' फोल्डरमधल्या कॉन्फिग फाइली ॲडमिननं हातानं घडवलेल्या असतात. प्रोग्राम गेला तरी त्या राहू द्याव्यात, उद्या तोच प्रोग्राम परत आला तर मेहनत वाया जाऊ नये. म्हणून रिमूव्हनंतर 'डीपीकेजी'च्या यादीत 'आरसी' अशी खूण दिसते. बिऱ्हाड हललं, पण माळ्यावरचं सामान तिथंच. आरपीएम ही दुसरी पॅकेज-पद्धत वापरणाऱ्यांनी वेगळी वाट धरली: बदललेली कॉन्फिग फाइल 'आरपीएमसेव्ह' असं शेपूट लावून बाजूला ठेवायची, न बदललेली सरळ काढायची. मला ती जास्त प्रामाणिक वाटते, निदान नाव बदललेलं डोळ्यांना दिसतं.

मेल सर्व्हरसाठी डेबियनचा निर्णय शहाणपणाचा होता. फॉरेन्सिकमध्ये तोच अंगाशी येतो. 'स्काल्पेल' घ्या. डिस्कच्या प्रतिमेतून हरवलेल्या फाइली हे टूल त्यांच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या बाइटांवरून शोधतं, आणि कोणत्या प्रकारच्या शोधायच्या ते 'स्काल्पेल डॉट कॉन्फ'मध्ये ठरतं. मुळात त्यातल्या सगळ्या ओळी कॉमेंट केलेल्या, म्हणजे बंद असतात. हव्या त्या आपण उघडायच्या. समजा, एका प्रकरणासाठी फक्त जेपीजीची ओळ उघडली, काम झालं, टूल रिमूव्ह केलं. सहा महिन्यांनी दुसऱ्या प्रकरणासाठी पुन्हा इन्स्टॉल केलं. फाइल जुनीच. टूल जेपीजी शोधतं, पीडीएफकडे ढुंकूनही पाहत नाही, आणि एररही देत नाही. बरं, वैतागून ती कॉन्फ फाइल हातानं डिलीट केली, तर पुन्हा इन्स्टॉल केल्यावर ती परत येतच नाही, कारण तुम्ही मुद्दाम काढली असणार असं 'डीपीकेजी' गृहीत धरतं. पर्ज करून इन्स्टॉल करणं हाच सरळ मार्ग. आणि पर्जही होम डिरेक्टरीतल्या फाइलींना हात लावत नाही, हे बरेच जण विसरतात.

मेटापॅकेजांनी, म्हणजे स्वतः रिकामी असून इतर टूल्स ओढून आणणाऱ्या पॅकेजांनी, त्यात भर घातली. डेबियनमधलं 'फॉरेन्सिक्स-ऑल' किंवा कालीतलं 'काली-टूल्स-फॉरेन्सिक्स' एका ओळीत डझनावारी टूल्स आणतं, पण ते नाव काढलं म्हणून टूल्स जात नाहीत. जातं ते रिकामं वेष्टन. आता गरज नसलेली पॅकेजं काढणारं 'ऑटोरिमूव्ह' काय उचलेल ते ॲप्टच्या सेटिंगवर ठरतं, तेव्हा आधी सिम्युलेट करून, म्हणजे काही न काढता, पाहिलेलं बरं.

मग नावांचा घोटाळा. स्लूथ किट माउसनं चालवता यावं म्हणून असलेलं 'ऑटोप्सी' घ्या. डेबियनच्या भांडारातलं 'ऑटोप्सी' म्हणजे २.२४, ब्राउझरमध्ये उघडणारी, पर्ल भाषेतली जुनी आवृत्ती. लोकांना हवी असते ती जावावरची चौथी पिढी, जी झिप उलगडून आणि सेटअप स्क्रिप्ट चालवून टाकावी लागते. जुनीचा पुराव्यांचा साठा 'व्हार-लिब-ऑटोप्सी'त असतो. काढण्याआधी केस तिथून हलवा.

'व्होलॅटिलिटी'ची कथा वेगळी. १ जानेवारी २०२० ला पायथन २ चा आधार संपला आणि त्यावर उभं असलेलं हे मेमरी-विश्लेषणाचं टूल डेबियन ११ मधून गळालं. तिसरी आवृत्ती पायथनची पॅकेजं टाकणाऱ्या पिपनं मिळते, पण पिपनं अनइन्स्टॉल केलं की सोबत आलेली पॅकेजं मागे राहतात. २०२३ च्या डेबियन १२ पासून तर पिपला सिस्टिमच्या पायथनमध्ये लुडबूड करू देत नाहीत. वर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट (सिस्टिमपासून वेगळं पायथनचं फोल्डर) करा किंवा 'ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस' असं धमकीवजा नाव असलेला पर्याय द्या. यावर पुष्कळ ओरड झाली. मला विचाराल तर फॉरेन्सिकवाल्यांचं यात भलंच झालं: प्रत्येक टूलला स्वतंत्र एन्व्हायर्न्मेंट, काढायचं तेव्हा अख्खं फोल्डर उडवायचं. म्हणजे वीस वर्षांनी गाडी पुन्हा मूळ स्टेशनवर.

हे सगळं तपासनिसाच्या स्वतःच्या मशीनबद्दल. जप्त केलेल्या मशीनवर काही इन्स्टॉल करायचंच नसतं, कारण प्रत्येक नवी फाइल मोकळ्या दिसणाऱ्या जागेतला डिलीट झालेला मजकूर पुसू शकते. मशीनच्या डिस्कऐवजी सीडीवरूनच सिस्टिम चालवणाऱ्या लाइव्ह सीडी रुजल्या त्या याच भीतीनं, आणि कालीचा फॉरेन्सिक मोडही त्यामुळेच स्वॅप (मेमरी म्हणून वापरायची डिस्कवरची जागा) वापरत नाही की डिस्क आपोआप माउंट करत, म्हणजे जोडत नाही. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात पुराव्याचं हॅश मूल्य, म्हणजे मजकुरावरून काढलेला आणि जरा बदल झाला तरी बदलणारा आकडा, लिहावं लागतं. मूळ डिस्कवर एक पॅकेज टाकून पर्ज केलं तरी तिची हॅश आधीची राहत नाही.

आणि मशीन कोणतंही असो, पर्जनंतरही 'व्हार-लॉग'मधल्या 'डीपीकेजी डॉट लॉग'मध्ये टूल कधी आलं आणि कधी गेलं ते तारीख-वेळेसकट नोंदलेलं असतं.