निवेदनाची पोच आणि कोळशाचं राजकारण

सोलापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात निवेदन द्यायची एक रीत ठरलेली आहे. दोन प्रती न्यायच्या, एक आवक विभागात द्यायची आणि दुसरीवर शिक्का-सही घ्यायची. ती पोच. पाण्याच्या पाळीसाठी आलेले शेतकरी असोत की यंत्रमाग कामगार, पोच खिशात पडल्याशिवाय कुणी परत फिरत नाही. कोणी, कधी, काय मागितलं याचा तो पुरावा असतो. खाण कंपन्याही सरकारकडे मागण्या घेऊन जातात. हवामान धोरणाबाबत तर गेली पस्तीस वर्षं जात आहेत. पण त्यांच्या मागणीची पोच लोकांच्या हाती फार उशिरा लागते, कित्येकदा लागतच नाही.

सोलापूर जिल्ह्यात कोळशाची खाण नाही. महाराष्ट्रातला सर्वांत जवळचा कोळसा वर्धा खोऱ्यात, चंद्रपूरकडे, चारशे किलोमीटरहून लांब. तरी या शहराचं कोळशाशी नातं जुनं आहे. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी वाफेवर चालायची. आज दक्षिण सोलापुरात फताटेवाडी-आहेरवाडीजवळ एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीचा १,३२० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प आहे. सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे केंद्रात ऊर्जामंत्री असताना तो आकाराला आला. ६६० मेगावॉटचा पहिला संच २०१७ मध्ये आणि दुसरा २०१९ मध्ये सुरू झाला. होटगीच्या बाजूला कोळशाचा रेक, म्हणजे पूर्ण मालगाडी, येतो तेव्हा त्याला अठ्ठावन्न-एकोणसाठ वाघिणी असतात. म्हणजे साधारण चार हजार टन कोळसा. दोन्ही संच पूर्ण क्षमतेने चालवायचे तर दिवसाला असे चार-पाच रेक लागतात. एनटीपीसी आता निव्वळ कोळसा विकत घेणारी कंपनी राहिलेली नाही. झारखंडमधल्या पकरी बरवाडीहसारख्या स्वतःच्या खाणीही ती चालवते.

हवामान धोरण घडवताना उद्योगांनी संघटितपणे उतरायचं, ही पद्धत अमेरिकेत रुजली. १९८९ साली तिथे ‘ग्लोबल क्लायमेट कोअलिशन’ नावाची आघाडी उभी राहिली. तेल, मोटार आणि कोळसा उद्योगाच्या संघटना तिच्यात होत्या. उत्सर्जनावर बंधन येऊ द्यायचं नाही, यासाठी तिने तेरा-एक वर्षं काम केलं. १९९७ मध्ये, उत्सर्जन कमी करण्याच्या क्योटो कराराच्या काही महिने आधी, अमेरिकी सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी ठराव केला की विकसनशील देशांवर बंधन नसेल तर अमेरिकेने अशा करारात पडू नये. ‘भारत-चीनला सूट कशाला?’ हा मुद्दा तेव्हाच्या उद्योगांच्या जाहिरातींतही होता. पीबॉडी या मोठ्या कोळसा कंपनीने हवामानबदलावर शंका घेणाऱ्या गटांना पैसे दिल्याचं तर २०१६ मध्ये, ती दिवाळखोरीत गेली तेव्हा, न्यायालयात दाखल झालेल्या कागदांतून बाहेर आलं. कंपनी बुडाली, म्हणून पोच मिळाली.

हा खेळ सर्वांत उघडपणे दिसला तो ऑस्ट्रेलियात. २०१० मध्ये सरकारने खाणींच्या जादा नफ्यावर कर लावायचं ठरवलं. खाण उद्योगाने काही आठवड्यांत सुमारे २.२ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर जाहिरातींवर ओतले. जूनमध्ये पंतप्रधान केविन रड यांना त्यांच्याच पक्षाने हटवलं. कारणं आणखीही होती, पण त्या मोहिमेचा धसका पुढच्या प्रत्येक सरकारने घेतला. १ जुलै २०१२ पासून टनाला २३ डॉलर असा कार्बन उत्सर्जनाचा दर लागू झाला आणि जुलै २०१४ मध्ये रद्दही झाला. मग फेब्रुवारी २०१७. अर्थमंत्री स्कॉट मॉरिसन संसदेत कोळशाचं ढेकूळ हातात घेऊन उभे राहिले. ‘याला घाबरू नका,’ असं सांगत होते. ते ढेकूळ मिनरल्स कौन्सिल या खाण उद्योगाच्या संघटनेने पुरवलं होतं आणि हाताला काळं लागू नये म्हणून त्यावर लॅकरचा थर दिलेला होता.

बीएचपी ही खाण कंपनी त्याच संघटनेची बडी वर्गणीदार. कंपनी पॅरिस कराराला पाठिंबा जाहीर करत होती आणि तिच्या वर्गणीवर चालणारी संघटना कोळशाची वकिली करत होती. भागधारकांनी २०१७ मध्ये वार्षिक सभेत हाच प्रश्न लावून धरला. डिसेंबरमध्ये कंपनीला आपण कोणकोणत्या संघटनांचे सदस्य आहोत आणि हवामानाच्या कोणत्या मुद्द्यावर त्यांच्याशी मतभेद आहेत, हे छापावं लागलं. पुढच्या वर्षी ती वर्ल्ड कोल असोसिएशनमधून बाहेर पडली. मिनरल्स कौन्सिल मात्र सोडली नाही. तरीही मी याला मोठी गोष्ट मानतो, कारण खाण कंपनीने आपली पोच आपल्या हाताने लोकांसमोर ठेवली.

भारतात चित्र वेगळं आहे. १९७१ ते १९७३ दरम्यान खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ मध्ये कोल इंडिया स्थापन झाली. सर्वांत मोठी खाण कंपनीच सरकारची, त्यामुळे बाहेरचा मध्यस्थ लागत नाही. एक मंत्रालय दुसऱ्याला पत्र लिहितं. २००९-१० मध्ये जयराम रमेश पर्यावरणमंत्री असताना नऊ कोळसा क्षेत्रांतली दाट जंगलं खाणींसाठी निषिद्ध ठरवायचा प्रयत्न झाला. त्या नऊंत आपलं वर्धा खोरंही होतं. कोळसा मंत्रालयाने कडाडून विरोध केला, प्रकरण मंत्रिगटाकडे गेलं आणि ती कल्पना हळूहळू विरली.

राखेचंही तसंच. खाणीपासून ५०० किलोमीटरहून लांबच्या वीज प्रकल्पांना ३४ टक्क्यांपेक्षा जास्त राखेचा कोळसा पाठवू नये, असा नियम होता. म्हणजे कोळसा खाणीजवळच धुऊन त्यातली राख कमी करायची. २१ मे २०२० रोजी, टाळेबंदीत सगळे घरात असताना, अधिसूचना निघाली आणि ही मर्यादा उठली. ऊर्जा आणि कोळसा मंत्रालयांनी त्यासाठी आग्रह धरला होता. चाळीस टक्के राखेच्या कोळशाचा एक रेक म्हणजे सोळाशे टन राख. ती आधी रेल्वेने देशभर हिंडते आणि मग प्रकल्पाच्या शेजारच्या गावांत उरते.

कोळशावरच्या अधिभाराचा हिशेबही रेकवरच मांडू. १ जुलै २०१० पासून प्रणव मुखर्जींच्या अर्थसंकल्पानुसार टनाला ५० रुपये स्वच्छ ऊर्जा अधिभार लागला, म्हणजे एका रेकला दोन लाख. २०१६ पर्यंत तो ४०० रुपये झाला, म्हणजे सोळा लाख. २०१७-१८ पर्यंत यातून सुमारे ८६ हजार कोटी जमले. स्वच्छ ऊर्जा निधीत मात्र ३० हजार कोटीही गेले नाहीत. २०१७ नंतर हा पैसा जीएसटीची भरपाई म्हणून राज्यांकडे वळला. २२ सप्टेंबर २०२५ पासून अधिभारच संपला. त्याऐवजी कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला आणि हलक्या प्रतीच्या कोळशावरचा एकूण भार उतरला. देशातला कार्बनवरचा कर म्हणता येईल असा हा जवळजवळ एकच कर होता.

२०२१ च्या ग्लासगो हवामान परिषदेत भारताने कोळसा ‘बंद करणे’ऐवजी ‘कमी करणे’ असा शब्द धरला. त्यामागचा युक्तिवाद मला पटतो. आपलं दरडोई उत्सर्जन श्रीमंत देशांच्या मानाने फारच कमी आहे. पण गरिबाच्या विजेचा हक्क आणि खाणीचा फायदा या दोन वेगळ्या मागण्या आहेत, आणि दुसरी पहिलीच्या आड उभी राहते तेव्हा मला अस्वस्थ वाटतं. नव्या कार्बन बाजाराचंच, म्हणजे उत्सर्जनाच्या परवान्यांच्या खरेदी-विक्रीचंच पाहा. सक्तीच्या पहिल्या नऊ क्षेत्रांच्या यादीत कापड उद्योग आहे, औष्णिक वीज नाही. चादरी-टॉवेलच्या शहरात बसून हे वाचताना ती यादी करताना कोण कोणाला भेटलं, हे विचारावंसं वाटतं.

भारतात लॉबिंगची, म्हणजे धोरण आपल्या बाजूला वळवण्यासाठी सरकारदरबारी केलेल्या खटपटीची, नोंदवही ठेवणारा कायदा नाही. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने मोठ्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून एक अहवाल सक्तीचा केला आहे. त्यातलं सातवं तत्त्व धोरणांवर प्रभाव टाकण्याबद्दल आहे. आपण कोणत्या उद्योग संघटनांचे सदस्य आहोत, हे तिथे सांगावंच लागतं. त्या संघटनांमार्फत किंवा स्वतः काय मागणी केली, हा रकाना ऐच्छिक आहे. निवडणूक रोख्यांची यादी मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खुली झाली. तीत वेदांता या खाण उद्योगातल्या कंपनीच्या नावापुढे सुमारे ४०० कोटी रुपये दिसले. कोणता रुपया कोणत्या धोरणासाठी, हे त्या यादीतून सिद्ध होत नाही.

मंत्रालयांमधली पत्रं मात्र सरकारी कागद आहेत. माहितीच्या अधिकारात ती मागता येतात. अर्ज साध्या कागदावर चालतो, सोबत दहा रुपये शुल्क लागतं, ते पोस्टल ऑर्डरने भरता येतं. मागायचं नेमकं: मे २०२० च्या राखेच्या अधिसूचनेआधी कोळसा मंत्रालयाने पर्यावरण मंत्रालयाला काय काय लिहिलं, तारखेसकट.