पाठीतली सुई आणि सिझरचा जुना संशय

‘पाठीत सुई घेतलीस की कळा थांबतात, मग सिझरच.’ पहिल्या बाळंतपणाला मालवण-कुडाळकडे माहेरी आलेल्या मुलीच्या कानावर हे पडतंच. हा संशय पोकळ नाही, पण तो जुन्या डोसाचा आहे.

ही सुई म्हणजे एपिड्युरल भूल: कण्यातल्या मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या जागेत औषध सोडून कळांच्या वेदना थांबवायच्या. कमरेतून ती १९२१ मध्ये स्पेनचे डॉक्टर फिडेल पाजेस यांनी मांडली. १९४७ मध्ये क्युबात मार्तिनेझ कुर्बेलो यांनी मूत्रवाहिनीसाठीची बारीक रेशमी नळीच त्या जागेत सरकवली आणि औषध पुन्हा पुन्हा देता येऊ लागलं. पुढे बुपिव्हाकेन हे बधिर करणारं औषध आलं, ०.२५ टक्क्याचं १० मिली एकदम देत. वेदना जात, पण पायही जड होत. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडले की बाळाचं डोकं नीट वळत नाही, बाईला जोर करायची उबळ येत नाही, मग बाळ ओढून काढायला चिमटा (फोर्सेप्स) नाहीतर व्हॅक्यूम. बदनामी झाली ती इथे.

२००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत ०.१ टक्का बुपिव्हाकेन आणि मिलीला २ मायक्रोग्रॅम फेंटानिल हे वेदनाशामक वापरलं. उपकरणांशिवाय नैसर्गिक प्रसूती जुन्या डोसाच्या ३५ वरून ४३ टक्क्यांवर गेली. गर्भपिशवीचं तोंड ४ सेंमी उघडेपर्यंत सुई न देता थांबायचा नियमही २००५ च्या अमेरिकी अभ्यासानंतर ढिला झाला. लवकर दिल्याने सिझर वाढले नाहीत. जोर करण्याचा टप्पा मात्र आजही लांबतो, हे पेशंटला आधीच सांगावं.

बऱ्याचदा अडतं ते औषधामुळे नाही, देखरेखीमुळे. डोसानंतर २० मिनिटं दर ५ मिनिटांनी बीपी बघावा लागतो. तो उतरला की बाळाचे ठोके मंदावतात. अशा वेळी डाव्या कुशीवर वळवणं, सलाइन आणि बीपी चढवणारं इंजेक्शन हे आधी, घाईचं सिझर नंतर. लघवी तुंबलेली कळत नाही आणि भरलेलं मूत्राशय बाळाच्या डोक्याला खाली उतरू देत नाही, म्हणून दोन-तीन तासांनी ती काढावी.

आपल्याकडच्या छोट्या नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ बहुधा फोनवर बोलावलेला असतो. नळी बसवून तो पुढच्या केसला गेला, की ऐन जोराच्या वेळी औषधाचा असर ओसरतो. आठव्या महिन्यातच विचारून ठेवा: रात्री दोनला दुसरा डोस कोण देणार?