पार्श्वभूमी : भुशाचं घर आणि ‘जैव’ शब्दाचा घोळ

थ्रीडी प्रिंटरने छापलेलं घर म्हटलं की काँक्रीटच डोळ्यांपुढे येतं. बंगळुरूत 2023 मध्ये उभं राहिलेलं पोस्ट ऑफिसही काँक्रीटचंच. पण थरावर थर ओतणाऱ्या प्रिंटरच्या तोंडातून, म्हणजे नोझलमधून, मोठी खडी जात नाही, म्हणून या मिश्रणात सिमेंट नेहमीपेक्षा जास्त लागतं. काँक्रीट ओतायच्या साच्यांचं शटरिंग वाचतं, सिमेंट वाढतं. जगाच्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे 8 टक्के असताना हा सौदा अनेकांना खटकला आणि शोध वनस्पतींकडे वळला.

इटलीत मास्सा लोंबार्दा इथे 2018 मध्ये भाताच्या पेंढ्याचं घर छापलं गेलं. मिश्रणात पेंढा 40 टक्के, माती 25, तूस 25 आणि चुना 10. भिंतींच्या मालाचा खर्च फक्त 900 युरो. पेंढा कालवलेल्या मातीची भिंत आपल्याकडच्या गावांना काही नवी नाही. नवं काय ते थर घालणारं यंत्र.

दुसरी वाट अमेरिकेतल्या मेन राज्यातली. तिथल्या कागद गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि आरागिरण्यांच्या भुशाला गिऱ्हाईक उरलं नाही. तिथल्या विद्यापीठाने 2019 मध्ये अवाढव्य प्रिंटरवर 72 तासांत 25 फुटी बोट छापून दाखवली. नोव्हेंबर 2022 मध्ये 600 चौरस फुटांचं घर आलं. जमीन, भिंती, छप्पर, सगळंच लाकडाच्या तंतूंचं आणि ते बांधून ठेवणाऱ्या वनस्पतीजन्य राळेचं. चार भाग कारखान्यात छापले, जागेवर अर्ध्या दिवसात जोडले. 2024 मध्ये त्याहून मोठा, 96 फूट लांबीपर्यंत छापणारा प्रिंटर आला.

खरा वाद या राळेचा. ही राळ म्हणजे पीएलए (पॉलिलॅक्टिक ॲसिड) : मक्याची किंवा उसाची साखर आंबवून लॅक्टिक आम्ल, त्यापासून प्लास्टिक. 2002 पासून अमेरिकेतल्या नेब्रास्कात ते मोठ्या प्रमाणावर बनतं. त्याला सरसकट ‘जैव’ म्हटलं जातं आणि तिथेच घोळ होतो. वनस्पतीपासून बनलेलं, आपोआप कुजणारं आणि वितळवून पुन्हा वापरता येणारं, या तीन निरनिराळ्या गोष्टी. पीएलए पहिल्यात नक्की बसतं. दुसऱ्यात अटींसह : उकिरड्यावर ते वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं, कुजायला सुमारे 60 अंश तापमानाचा औद्योगिक कंपोस्ट प्रकल्प लागतो. आणि घर कुजणारं कोणाला हवंय? म्हणून घरासाठी खरा दावा तिसरा, म्हणजे पाडलेली भिंत दळून पुन्हा छापायची. जाहिरातींत मात्र दुसराच अर्थ डोकावत राहतो. मक्याच्या शेतीला लागणारं खत, डिझेल, पाणी यांचा हिशेबही ‘शंभर टक्के जैव’ या शिक्क्याखाली झाकला जातो.

त्याच 60 अंशांच्या आसपास साधं पीएलए मऊ पडू लागतं. तंतू घालून आणि स्फटिकी रचना वाढवून ते अधिक तग धरतं, हे खरं. पण मेनच्या त्या घरात सेन्सर बसवले गेले ते तिथला बर्फाळ हिवाळा सोसेल का, हे बघायला. चंद्रपूरच्या मे महिन्यात उन्हात तापलेला गडद पृष्ठभाग 60 अंशांपलीकडे जाऊ शकतो. जेजुरीत 2024 मध्ये पीएलएचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू झाला आहे, त्यामुळे राळ इथे बनवता येईल का, याचं उत्तर मिळू लागलंय. इथल्या उन्हात असं छप्पर टिकेल का, हा प्रश्न मात्र अजून कोणी हातात घेतलेला दिसत नाही.