चांदी, आयोडीन, मध: जंतुनाशक ड्रेसिंगची पार्श्वभूमी

भाजलेल्या जखमांवर चांदीचा वापर पुन्हा रूढ झाला तो १९६५ पासून. अमेरिकेत सेंट लुइसला कार्ल मोयर आणि सहकाऱ्यांनी सिल्व्हर नायट्रेटच्या ०.५ टक्के द्रावणाने गॉजच्या जाड घड्या सतत ओल्या ठेवण्याची पद्धत मांडली. गॉज वाळलं की द्रावण तीव्र होऊन ऊती जळत. शिवाय जखमेतून सोडियम आणि क्लोराइड झिरपून जाई, म्हणून रक्ततपासणी वारंवार करावी लागे. चादरी काळ्या पडत ते वेगळंच. १९६८ मध्ये चार्ल्स फॉक्स यांचं १ टक्का सिल्व्हर सल्फाडायझीन मलम आलं. लावायला सोपं, पण ते स्रावात मिसळून जखमेवर पापुद्रा धरतं आणि खाली काय चाललंय ते दिसत नाही.

चांदीपुढे जिवाणूंचं काही चालत नाही, हा समज १९७५ मध्ये मोडला. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या बर्न वॉर्डात सिल्व्हर नायट्रेटला न जुमानणारा साल्मोनेला जिवाणू सापडला. प्रतिकाराची जनुकं प्लास्मिडवर, म्हणजे जिवाणूतल्या सुट्या डीएनए-वर्तुळावर, होती, त्यामुळे ती एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकत होती. चांदीचे आयन पेशीबाहेर फेकणारा पंप त्यांच्यातूनच बनतो, हे १९९९ मध्ये उलगडलं.

नव्वदच्या दशकात नॅनोक्रिस्टलाइन (अतिसूक्ष्म स्फटिकांच्या) चांदीचा थर दिलेली ड्रेसिंग आली. ती निर्जंतुक पाण्यानेच भिजवायची. सलाइन वापरलं की क्लोराइड चांदीला बांधून टाकतं आणि महागडं ड्रेसिंग वाया जाऊ शकतं. 

ऐंशीच्या दशकातलं कॅडेक्सोमर आयोडीन (०.९ टक्के), म्हणजे स्टार्चच्या मण्यांत धरलेलं आयोडीन, स्राव शोषून फुगतं आणि आयोडीन हळूहळू सोडतं. तपकिरी रंग जाऊन पांढरं झालं की बदलायचं. कोरड्या जखमेवर त्याचा उपयोग नाही. थायरॉइडच्या रुग्णांत ते टाळावं. आयोडीन पेशीत एकाच वेळी अनेक ठिकाणी मारा करतं, त्यामुळे प्रतिकार रुजणं अवघड.

मध-तूप सुश्रुतसंहितेतही आहे. पण सिल्व्हर सल्फाडायझीनशी मधाची थेट तुलना केली ती सोलापूरच्या एम. सुब्रह्मण्यम यांनी, १९९१ मध्ये. दोन्ही गटांत ५२-५२ रुग्ण होते. सात दिवसांत मधाच्या ९१ टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या, मलमाच्या ७ टक्के. आकडे इतके एकतर्फी आहेत की जपूनच वाचावेत. न्यूझीलंडच्या मनुका झुडपाच्या फुलांपासूनच्या मधातला जंतुनाशक घटक, मेथिलग्लायॉक्सल, २००८ मध्ये ओळखला गेला. स्वयंपाकघरातला मध मात्र जखमेवर नको: त्यात क्लॉस्ट्रिडियम जिवाणूचे बीजाणू असू शकतात. वैद्यकीय मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, कारण उष्णतेने त्यातलं ग्लुकोज ऑक्सिडेज हे जंतू मारायला मदत करणारं विकर नष्ट होतं.

२००९ मध्ये ब्रिटनमधल्या व्हल्कन चाचणीत पायाच्या शिरांच्या व्रणांचे २१३ रुग्ण होते. बारा आठवड्यांनी चांदीचं ड्रेसिंग आणि साधं ड्रेसिंग यांत व्रण भरण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. आता संसर्गाची लक्षणं असतील तरच चांदी लावतात आणि दोन आठवड्यांनी जखम पुन्हा तपासून ती चालू ठेवायची की नाही ते ठरवतात.