पॉवर ब्रेक आणि डिस्क ब्रेक: जुन्या पिकअपला नक्की काय लावायचं?

जुना पिकअप हातात आला की ब्रेकचा विषय निघतोच, आणि कोणीतरी लगेच सांगतं की पॉवर ब्रेक टाक, मग बघ कसा थांबतो. खूप जणांच्या डोक्यात पॉवर ब्रेक म्हणजेच डिस्क ब्रेक असतात, आणि किटच्या खोक्यावर "पॉवर डिस्क" असं एका दमात छापलेलं असतं त्यामुळे गोंधळ अजून वाढतो. पण ही दोन वेगळी कामं आहेत. एक पेडलच्या बाजूला बसतं, दुसरं चाकात.

पॉवर म्हणजे बूस्टर. फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत), मास्टर सिलिंडरच्या (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल दाबणारा पंप) मागे जो मोठा गोल डबा दिसतो ना, तो. आत रबरी डायफ्राम असतो, त्याच्या एका बाजूला इंजिनचा व्हॅक्यूम, आणि पेडल दाबलं की दुसऱ्या बाजूने बाहेरची हवा आत येते आणि डायफ्राम पुढे ढकलला जातो. 9 इंची डायफ्राम आणि 18 इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम धरला तर कागदावर साधारण 550 पौंडांचा जोर मिळतो, तोही तुमच्या पायाच्या जोराव्यतिरिक्त. पण चाकातलं काहीच बदललेलं नसतं! ड्रम (चाकासोबत फिरणारं लोखंडी भांडं) तोच, शू (त्याला आतून घासून थांबवणारे दोन तुकडे) तेच, फक्त पाय हलका झाला.

डिस्कचं तसं नाही, तिथे पकडायची पद्धतच बदलते, चाकासोबत फिरणारी चकती म्हणजे रोटर, आणि दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी धरतात. ड्रममध्ये गरम झाल्यावर ड्रम फुगतो, शूपासून लांब जातो, पेडल खाली खाली जायला लागतं आणि लायनिंग (शूवरचा घासणारा थर) तापलं की पकडही जाते, हेच ते फेड. पाण्यातून गेलं की ओलं लायनिंग थोडा वेळ धरत नाही, किंवा एका बाजूचं आधी धरतं आणि गाडी ओढते. डिस्क उघडी असते, पाणी फेकून देते, लवकर थंड होते, आणि रोटर तापून फुगला तर पॅडच्या दिशेनेच फुगतो. कोलोरॅडोत पाइक्स पीक डोंगरावरून खाली येताना वाटेत थांबवून ब्रेकचं तापमान तपासतात, तसल्या उतारावर बूस्टर लावलेला ड्रम आणि बूस्टर नसलेला ड्रम दोघंही सारखेच तापणार, कारण तेवढ्याच वजनाची तेवढीच उष्णता तेवढ्याच लोखंडात जातेय.

आता खरी मेख. ड्रमचा पुढचा शू चाकाच्या फिरण्यानेच ड्रममध्ये ओढला जातो, म्हणजे तो स्वतःला मदत करतो, म्हणून पन्नास-साठच्या दशकातले ट्रक बूस्टरशिवायही पायाने थांबायचे. डिस्कमध्ये ही फुकटची मदत नाही, पॅड फक्त चिमटीत धरतो, त्यामुळे लाइनमध्ये प्रेशर बरंच जास्त लागतं. मग होतं काय, माणूस हौसेने पुढे डिस्क बसवतो, मास्टर सिलिंडर जुनाच ठेवतो, आणि पेडल आधीपेक्षा जड! किटमध्ये काही खोट नसते, प्रेशर कमी पडतं. म्हणून ही जोडी एकत्र विकतात. पण बूस्टर हा एकच उपाय नाही, लहान बोअरचा (आतून कमी व्यासाचा) मास्टर आणि साधारण 6 ला 1 पेडल रेशो (पेडल पायाचा जोर किती पट करतं ते) ठेवला तर बूस्टरशिवायही डिस्क छान चालतात, फक्त पेडल जरा जास्त खाली जातं. बूस्टर असेल तर रेशो 4 ला 1 च्या आसपास लागतो. बऱ्याच शेवरले पिकअपच्या पेडलला त्यासाठीच दोन भोकं असतात, वरचं मॅन्युअलचं, खालचं पॉवरचं, आणि बूस्टर लावून पुशरॉड (पेडलपासून पुढे जाणारा दांडा) वरच्याच भोकात राहिला तर ब्रेक नको तितके नाजूक होतात.

मग तुमच्या गाडीला काय हवंय? रिकाम्या कोरड्या रस्त्यावर बघा. पहिल्यांदा गाडी सरळ आणि नीट थांबतेय पण मांडी दुखेपर्यंत दाबावं लागतंय, तर बूस्टरचा विचार करा. पहिले दोन-तीन वेळा ठीक आणि मग ब्रेक गायब, किंवा पावसात एका बाजूला ओढतेय, तर डिस्क, तिथे बूस्टर लावून काही होणार नाही. (त्याआधी ड्रम अ‍ॅडजस्ट करून घ्या, अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.) इंजिनला मोठा कॅम (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा कॅमशाफ्ट) असेल आणि आयडलला व्हॅक्यूम कमी असेल तर साधा बूस्टर अर्धवटच काम करेल, मग व्हॅक्यूम पंप किंवा स्टिअरिंग पंपावर चालणारा हायड्रोबूस्ट बघावा लागतो.

माझं स्पष्ट मत, दोन्हीच्या आधी दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ब्रेकचं ऑइल वेगळं राहतं. शेवरले पिकअपला तो 1967 ला आला, त्याआधीच्या ट्रकमध्ये एक व्हील सिलिंडर (चाकातला, शू ढकलणारा) गळला की चारही चाकांचे ब्रेक जातात, यात तडजोड नको. आणि डिस्क लावणार असाल तर तो पुढे डिस्क-मागे ड्रमवालाच घ्या, कारण ड्रमच्या मास्टरमधला 10 पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (पेडल सोडल्यावरही लाइनमध्ये थोडं प्रेशर टिकवणारा) डिस्कच्या लाइनवर राहिला तर पॅड कायम घासत राहतात. मास्टर केबिनच्या तळाखाली असलेल्या ट्रकला मात्र डिस्ककडे 2 पीएसआयचा व्हॉल्व्ह लागतो, नाहीतर ऑइल उताराने परत येतं.

सी10 (शेवरलेचा पिकअप) वाल्यांनी चाकंही बघून घ्या, 1971 पासून पुढे डिस्क आले तेव्हा हबला पाच बोल्ट आले, आधीच्याला सहा होते, म्हणजे नंतरच्या ट्रकचे डिस्क काढून लावले तर पुढे पाच आणि मागे सहा, स्टेपनी एकच कशी चालणार.

शेवटी प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह, म्हणजे मागच्या ब्रेकचं प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह. रिकाम्या पिकअपचं मागचं टोक हलकं असतं, आणि मागे ड्रम असल्याने ते पटकन लॉक होऊन गाडी फिरते. अ‍ॅडजस्टेबल व्हॉल्व्ह मागच्या लाइनवर बसवा, हौदा रिकामा ठेवून सेट करा, आणि मागच्या चाकांच्या आधी पुढची लॉक होतायत हे दिसेपर्यंत मागचं प्रेशर कमी करत जा.