कांगारूची शिकार आणि छोट्या गोळीचे गणित

ऑस्ट्रेलियात कांगारूंची शिकार होते म्हटले की आपल्याकडे लोक आधी हळहळतात आणि मग विचारतात, एवढ्या दांडग्या प्राण्याला लोळवायला बंदूक केवढी लागत असेल? हळहळ मला समजते. प्रश्नात मात्र एक गैरसमज आहे आणि सिनेमांनी तो इतका पक्का केला आहे की विज्ञान शिकलेली माणसेही त्यातून सुटत नाहीत. गोळी जितकी मोठी, तितके जनावर चटकन मरते, हा तो गैरसमज.

आधी पार्श्वभूमी. कांगारू तिथे संरक्षित आहे, परवान्याशिवाय त्याला हात लावता येत नाही. व्यापारी शिकार मुख्यतः चार जातींची होते: लाल कांगारू, पूर्वेकडचा आणि पश्चिमेकडचा करडा, आणि वॉलरू. विमानातून गणना करून राज्य सरकारे दरवर्षी कोटा ठरवतात. तो साधारणपणे अंदाजित संख्येच्या १५ ते २० टक्के असतो आणि प्रत्यक्ष शिकार त्याहून बरीच कमी होते. शिकारी रात्री उघड्या टपाच्या गाडीतून हिंडतो. सर्चलाइटच्या झोतात कांगारू थबकतो, तेवढ्यात गाडीवरच्या आधारावर रायफल टेकवून नेम धरायचा. नियम एकच आणि कडक: गोळी डोक्यात, थेट मेंदूत. त्यासाठी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते.

या कामाला बहुतेक जण .२२३ रेमिंग्टन किंवा तिच्या जवळपासची काडतुसे वापरतात. त्यातली गोळी जेमतेम ५.७ मिलिमीटर जाड आणि साडेतीन ग्रॅम वजनाची असते.

ही चिमुकली गोळी कांगारूला उडवून लावत नाही. तसे कुठलीच गोळी करत नाही. साडेतीन ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ९९० मीटर वेगाने नळीबाहेर पडते. वस्तुमान गुणिले वेग केले तर संवेग येतो साधारण ३.५ किलोग्रॅम मीटर प्रतिसेकंद. सगळाच्या सगळा संवेग ३५ किलोच्या कांगारूत जिरला, तरी तो सेकंदाला १० सेंटीमीटर एवढ्याच वेगाने सरकेल. न्यूटनचा तिसरा नियम शाळेत शिकलेल्याला हे कळायला हवे: गोळीने जनावर मागे फेकले जाणार असेल, तर बंदूक चालवणाराही मागे फेकला जायला हवा. जाहिरातींमधली ‘नॉकडाउन पॉवर’ ही निव्वळ भूलथाप आहे.

मग फरक कशाने पडतो? वेगाने. साध्या .२२ रिमफायर (बुडाच्या कडेवर आघात होऊन पेटणाऱ्या, कमी ताकदीच्या) काडतुसातली गोळी जवळजवळ तितकीच जाड असते, वजन २.६ ग्रॅम, वेग ३८० मीटरच्या आसपास. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने हिशेब असा होतो: रिमफायरची ऊर्जा सुमारे १९० जूल, .२२३ ची १,७४० जूल. वजन दीडपटही नाही, ऊर्जा नऊपट.

पण मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट ऊर्जा वाटत नाही. ती आहे वारा.

वाऱ्याआधी गुरुत्वाकर्षण पाहू. शंभर मीटर जायला .२२३ च्या गोळीला ०.१०७ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण तिला साडेपाच सेंटीमीटर खाली ओढते. रिमफायरला ०.२९ सेकंद लागतात, ती ४० सेंटीमीटरहून जास्त खाली येते. रायफलवरची दुर्बीण शंभर मीटरवर नेम बसेल अशी जुळवली आणि अंधारात अंतराचा अंदाज वीस मीटरने चुकला, तर .२२३ एखादा सेंटीमीटर चुकेल, रिमफायर दहाहून जास्त. .२२३ ची गोळी मेंदूतच लागेल. रिमफायरची जबड्यात लागू शकते, आणि जबडा फुटलेला कांगारू पळून जाऊन कित्येक दिवस तडफडत मरतो.

आता बाजूने ताशी १८ किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला ५ मीटरचा वारा वाहतो आहे असे धरू. सरळ तर्क असा की गोळी जितका वेळ हवेत, तितका वेळ वारा तिला ढकलणार. हा तर्क चूक आहे. हवेने गोळीचा वेग कमी केलाच नसता, तर वाऱ्याने ती बाजूला सरकलीही नसती. वारा म्हणजे सरकणारी हवा. त्या हवेच्या दृष्टीने गोळी किंचित तिरकी येते, हवेचा रोध तिच्या मार्गाच्या उलट दिशेला, म्हणजे तितकाच तिरका लागतो आणि त्याचा बारीकसा हिस्सा तिला बाजूला नेतो. गणित मांडले की एक देखणे सूत्र हाती येते: गोळी सरकते ती ‘उशीर’ गुणिले वाऱ्याचा वेग इतकी. उशीर म्हणजे हवेतून जायला लागलेला वेळ वजा निर्वातात लागला असता तो वेळ.

.२२३ ला निर्वातात ०.१०१ सेकंद लागले असते. उशीर फक्त ०.००६ सेकंद, सरक ३ सेंटीमीटर. रिमफायरला ०.२६३ लागले असते, म्हणजे उशीर ०.०२७ आणि सरक साडेतेरा सेंटीमीटर. त्याहून नवल म्हणजे मुद्दाम ध्वनीपेक्षा कमी वेगाची केलेली रिमफायर गोळी जास्त वेळ हवेत राहूनही कमी सरकते! ध्वनीच्या वेगाच्या, म्हणजे सेकंदाला साधारण ३४० मीटरच्या आसपास रोध एकदम चढतो. वेगवान रिमफायर त्याच पट्ट्यात सापडते आणि तिचा उशीर वाढतो. वेळ आणि उशीर या वेगळ्या राशी आहेत, हे यातून लख्ख दिसते.

मग जाड गोळीची .३०८ सारखी दणकट रायफल का नको? तिचा धक्का जास्त बसतो. दुर्बिणीतले चित्र हलते आणि गोळी कुठे लागली ते दिसत नाही. ते दिसले तरच दुसरी गोळी लगेच झाडायची की नाही हे ठरवता येते.

गोळीची रचनाही महत्त्वाची. उभी कापली तर आत मऊ शिसे, त्यावर तांब्याच्या मिश्रधातूचे पातळ आवरण, आणि टोकाशी उघडे शिसे किंवा प्लॅस्टिकची बारीक अणी दिसते. ती कवटीला लागताच फुलते, फुटते आणि ऊर्जा तिथेच सोडते. पूर्ण आवरणाची लष्करी गोळी आरपार जाऊन बरीचशी ऊर्जा पलीकडे नेते. अशा फुलणाऱ्या गोळ्या १८९० च्या दशकात कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात बनत, म्हणून त्यांना दमदम गोळ्या म्हणू लागले. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात त्यांना बंदी घातली. युद्धात त्या जखम क्रूर करतात, शिकारीत मरण झटपट आणतात, म्हणून शिकारीत त्याच योग्य.

एवढे झाल्यावरही किती कांगारू खरोखर तत्काळ मरतात? ‘आरएसपीसीए ऑस्ट्रेलिया’ या प्राणी-कल्याण संस्थेच्या २००२ च्या पाहणीत तपासलेल्या कांगारूंपैकी सुमारे ९६ टक्क्यांना डोक्यात गोळी लागलेली होती. आकडा चांगला आहे, पण तो प्रक्रिया केंद्रांवर पोचलेल्या कांगारूंचा आहे. अंगात गोळी लागलेला कांगारू केंद्रवाले सहसा घेत नाहीत, त्यामुळे शिकारी तो रानातच टाकून येऊ शकतो. जखमी होऊन पळालेला तर मोजलाच जात नाही. शिवाय मादी मारली गेली तर पिशवीतले पिल्लूही शिकाऱ्याने लगेच मारायचे असते, आणि पिशवीबाहेर हिंडणारे पिल्लू अंधारात निसटले तर त्याची नोंद कुठेच होत नाही. हे आकडे हवे असतील तर रात्री शिकाऱ्याच्या गाडीत निरीक्षक बसायला हवा.